एकेचाळिसावा प्रश्न

दवाखान्यात सगळे तिला प्रश्नबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच ते होतं तिचं. एखादा माणूस मेंदूनं मेला, म्हणजे यंत्रामुळे छाती वरखाली होतेय पण माणूस काही परत येणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून लिहून दिलं आणि घरच्यांनी त्याचे अवयव द्यायला होकार दिला, की प्रश्नबाई फाईल काखोटीला मारून घरच्यांपुढे बसायची. चौसष्ट प्रश्न होते. कधी कावीळ झाली होती का, तुरुंगात होता का, सुया टोचून नशा करायचा का, बायको सोडून कुणाशी संबंध होते का. ज्या बाईचा मुलगा तासाभरापूर्वी गेलाय तिला हे विचारायचं, हे काय खायचं काम आहे? पण कुणीतरी विचारायलाच हवं. देणाऱ्याच्या अंगात जो रोग लपून बसलेला असतो तो अवयवाबरोबर घेणाऱ्याच्या अंगात जातो. रक्त तपासतात, नाही असं नाही, पण हातात असतात जेमतेम काही तास, आणि तेवढ्यात आठ-दहा रोगांचाच छडा लागतो. बाकीच्या रोगांसाठी माणसांना विचारणं हीच तपासणी.

तिची उत्तरं जायची संसर्गाच्या डॉक्टरांकडे. हे अवयव घेण्यात धोका किती, हे ठरवायचं काम त्यांचं. कशालाही आधी नाही म्हणायची त्यांची सवय, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं नकारघंटा. किरकोळ, नाकावर कायम चष्म्याचे वळ, बोलायचे असे की समोरच्यानं दोनदा विचारावं. सर्जन मंडळी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. प्रश्नबाईवर मात्र त्यांचा भरवसा होता. ती लिहील ते खरं, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि ते ऐकून ती दिवसभर खुशीत असायची.

तिची एक पद्धत होती. इतर दवाखान्यांत असे प्रश्न एकेकाला बाजूला घेऊन विचारतात. प्रश्नबाईला ते आवडत नसे. ती म्हणायची, हे काय पोलीस ठाणं आहे? ती सगळ्यांना एका खोलीत गोल बसवायची. सहा खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. एकाला आठवलं नाही तर दुसऱ्याला आठवतं, एक रडायला लागला तर दुसरा पाठीवर हात ठेवतो. नव्या मुलींना ती हेच शिकवायची. अकरा वर्षांत तिचं एक उत्तर चुकीचं निघालं नव्हतं. थोडी घमेंड होतीच तिला, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी आलेला माणूस रंगारी होता. घराच्या बाहेरच्या भिंतीला रंग देताना शिडीवरून पडला, डोक्यात रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी हात टेकले. खोलीत तिघंजण आले. रंगाऱ्याची आई, बायको आणि चुलता. चुलता बसल्यापासून जमिनीकडे पाहत होता. बोलत होती ती आई. साठीची, ठसठशीत, आवाजात जरब. रडून रडून डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. अवयव द्यायचे हेही तिनंच ठरवलं होतं. पोरगा कुणाच्या तरी घरात नांदू दे, एवढंच ती म्हणाली आणि सुनेपुढे कागद सरकवला. सुनेनं सही केली. सून सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. पदराच्या टोकाची सुरळी करायची, उलगडायची, परत करायची, असं तिचं चाललं होतं.

चाळीस प्रश्न सुरळीत झाले. आई पटापट उत्तरं देत होती, जणू पोराच्या चांगुलपणाची कुणी परीक्षा घेतंय आणि त्याला पैकीच्या पैकी मिळवून द्यायचे आहेत. दारू नाही, नशा नाही, बाहेरख्यालीपणा नाही. ताप? पडायच्या आधी दोन दिवस जरा कणकण होती, हवा बदलली की व्हायचीच त्याला. मग आला एकेचाळिसावा. गेल्या वर्षभरात कुत्रा, मांजर, वटवाघूळ, असा कुठला प्राणी चावला किंवा ओरबाडला होता का?

आई म्हणाली, चावलं होतं ना. दीड-दोन महिन्यांपूर्वी कामावरून येताना रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला होता हा. रस्त्यावरचं, मरतुकडं. अंगठ्याला चावलं त्याच्या. दोन दिवसांनी कुठं पळून गेलं कुणास ठाऊक.

"पण पाचही इंजेक्शनं घेतली हो त्यानं," ती म्हणाली. "ही स्वतः घेऊन जायची त्याला. मी दर वेळी विचारायची. काय गं, घेतली ना पाचही?"

सुनेनं पदराची सुरळी घट्ट केली.

"हो," ती म्हणाली.

प्रश्नबाईनं लिहिलं, चावा होय, लस पूर्ण. आणि बेचाळिसाव्या प्रश्नाला लागली.

नकारघंटांनी फाईल वाचताना त्याच ओळीवर बोट ठेवलं. लसीचं कार्ड पाहिलं का, म्हणून विचारलं. कार्ड घरी होतं, घर दीड तासावर, जाऊन येऊन तीन तास. इकडे रंगाऱ्याचा रक्तदाब घसरायला लागला होता आणि तीन ऑपरेशन थिएटरांत तीन माणसं उपाशीपोटी वाट पाहत पडली होती. नकारघंटा पुटपुटले, कार्ड पाहिलेलं बरं असतं. तेव्हा ती जे बोलली ते तिनं पुढं मनातल्या मनात हजारदा ऐकलं. "डॉक्टर, सख्खी आई आणि बायको समोरासमोर बसून एका सुरात सांगतायत. याहून मोठा पुरावा कुठला आणू मी?" त्यांनी चष्मा काढला, नाक चोळलं आणि सही केली. ज्या माणसानं जन्मभर नाही म्हटलं त्याला हिनं हो म्हणायला लावलं, आणि ते हिच्या शब्दाखातर.

एक किडनी दूरच्या दवाखान्यात एका निवृत्त पोस्टमनला गेली. यकृत गेलं संगीताच्या एका मास्तरांना. दुसरी किडनी याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, बेकरीवालीला बसवली.

ही बेकरीवाली म्हणजे एक वल्ली होती. सहा वर्षं डायलिसिसवर काढलेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, अशा माणसाला पाणी मोजून मिळतं. लघवीच होत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठं? हिला दिवसाला तीन कप. चहा, औषधाची गोळी, सगळं त्यातच. आणि धंदा असा की रोज पहाटे पिठात बादल्यांनी पाणी ओतायचं. सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या पावासाठी पाणी ओतत होती आणि स्वतः बर्फाचा खडा जिभेवर फिरवत होती. किडनी बसल्यावर पहिला पेला भरून हातात दिला तेव्हा ती प्यायली नाही, नुसती बघत बसली होती म्हणे, आणि नर्सला रडू फुटलं.

मग तपासणीला यायची तेव्हा तळमजल्यावरच्या पाण्याच्या यंत्रापाशी हमखास दिसायची. एकापाठोपाठ एक तीन पेले रिचवायची आणि मनगटानं तोंड पुसायची. प्रश्नबाई तिथूनच जायची. कुणाचा अवयव कुणाला गेला हे दोन्हीकडच्यांना सांगायचं नसतं, त्यामुळे बेकरीवालीला ही बाई कोण ते नीट माहीत नव्हतं, पण ओळख झाली होती. एकदा ती म्हणाली, ताई, माझ्या पिठापेक्षा मीच जास्त पाणी पिते हल्ली. दोघी हसल्या. प्रश्नबाईला वाटलं, आपण त्या खोलीत जे विचारतो, घरच्यांचे शिव्याशाप पोटात घालतो, ते या तीन पेल्यांसाठी. असं वाटण्यात काही गैर नव्हतं. तेव्हा ते खरंच होतं.

ऑपरेशननंतर एकोणतिसाव्या दिवशी दुपारी नकारघंटांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पोस्टमन आदल्या दिवशी गेला होता. मेंदूला सूज, झटके, कारण कळेना. आता मास्तर अतिदक्षता विभागात होते आणि तिथल्या डॉक्टरनं सकाळी फोन करून सांगितलं होतं की, चमच्यानं पाणी तोंडापाशी नेलं की त्यांचा घसा आवळतो आणि ते किंचाळतात.

"पिसाळ," नकारघंटा म्हणाले. "रेबीज. मला दुसरं काही दिसत नाही."

प्रश्नबाईला आकडा आठवला. एकेचाळीस.

ते हळूहळू सांगत गेले आणि तिनं पहिल्यांदाच त्यांना परत सांगा म्हटलं नाही. हा रोग एकदा डोक्यात पोचला की त्यावर औषध नाही. पण पोचायच्या आत लस टोचली तर माणूस वाचू शकतो. बेकरीवाली अजून ठणठणीत होती, घरी होती. अडचण अशी की, नवी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून तिला जी औषधं चालू होती ती शरीराची लढायची ताकदच मारतात. ती चालू असताना लस टोचली काय आणि साधं पाणी टोचलं काय. म्हणजे औषधं थांबवायची, किडनी काढून टाकायची आणि मग लस. आणि इतकं करून शंका खोटी निघाली, तर बाईची किडनी फुकट गेली, परत डायलिसिस, परत रांगेत नंबर. रंगाऱ्याच्या राखून ठेवलेल्या नमुन्याची तपासणी व्हायला चार दिवस लागणार होते आणि चार दिवस थांबायची सोय नव्हती.

"पाचही घेतली असतील तर मी दुसरीकडे शोधतो," ते म्हणाले. "नसतील तर उद्या सकाळी किडनी काढतो. मला कार्ड आणून द्या."

त्यांनी दोष दिला नाही. एक शब्द नाही. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रंगाऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच टर्पेंटाइनचा वास होता आणि दाराशेजारी डब्यात त्याचे ब्रश अजून उभे होते. तिला दारात पाहून आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, बाई खुशाली सांगायला आली. भिंतीवर पोराचा फोटो होता आणि शेजारी, त्याहून मोठ्या फ्रेममध्ये, दवाखान्यानं दिलेलं प्रशस्तिपत्र, तीन जणांना जीवदान दिल्याबद्दल. आई म्हणाली, इमारतीत नवीन कुणी आलं की आधी हे दाखवते मी. मग विचारलं, कसे आहेत माझे तिघं? प्रश्नबाई म्हणाली, आधी एक काम आहे, ते इंजेक्शनचं कार्ड हवं होतं.

आई म्हणाली, एवढंच ना? आण गं ते कार्ड. सून स्वयंपाकघरात गेली. डब्यांचा आवाज झाला, एक झाकण पडलं, आणि मग काहीच आवाज येईना. आई म्हणाली, विसराळू झालीय हो पोरगी. प्रश्नबाई उठली. अकरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. स्वयंपाकघरात जाऊन मागं दार लावून घेतलं.

सून ओट्याला टेकून उभी होती. पीठ ठेवायच्या डब्याच्या तळाशी, कागदाखाली ठेवलेलं कार्ड तिच्या हातात होतं. त्यावर पाच चौकोन होते. पहिल्यात तारीख आणि शिक्का. चार कोरे.

ती अगदी हळू आवाजात सांगत सुटली, थांबवली असती तरी थांबली नसती. सुईला भलताच घाबरायचा तो. एवढा दोन-तीन मजल्यांवर लटकून काम करणारा माणूस, पण सुई पाहिली की पांढराफटक. पहिलं कसंबसं घेतलं. मग म्हणाला, पिल्लू पळून गेलं, मला काही झालेलं नाही, आता बास. आईला सांगायचं नाही, शपथ घातली. आई दर वेळी विचारायच्या, घेतलं का इंजेक्शन, आणि मी हो म्हणायचे. चार वेळा म्हटलं. शेवटचे दोन दिवस पाणी पीत नव्हता. घसा दुखतोय म्हणाला. हात थरथरत होता तरी शिडीवर चढला. मला वाटलं, पडला म्हणून गेला. पिल्लाचा काय संबंध?

"त्या दिवशी आई माझ्याकडे बघत होत्या," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा गेला त्या दिवशी मी त्यांना सांगू, की मी चार वेळा खोटं बोलले? तुम्ही मला एकटीला विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं."

प्रश्नबाईनं तिच्या हातातून कार्ड घेतलं. कुणी थोबाडीत मारली तर माणूस गाल तरी चोळतो.

जिन्यात येऊन तिनं नकारघंटांना फोन केला आणि सांगितलं, एकच. पलीकडून ते बरं म्हणाले. मग वर परत जाऊन आईला सांगितलं की, पिल्लाचा रोग अंगात राहिला असण्याची शंका आहे, घरातल्या सगळ्यांनी उद्याच्या उद्या लस घ्यायची, आम्ही अजून तपासतोय. आईनं विचारलं, पण त्यानं तर पाचही घेतली होती? प्रश्नबाई म्हणाली, तपासतोय. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवालीला सांगितलं तेव्हा प्रश्नबाई मुद्दाम तिथं उभी राहिली. पळून जायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. नकारघंटांनी सगळं सांगितलं. बेकरीवालीनं ऐकून घेतलं. हाताला पीठ लागलंय असं वाटून झटकावं तसे तिनं हात झटकले.

"म्हणजे परत तीन कप?" तिनं विचारलं.

नकारघंटा म्हणाले, हो.

ती म्हणाली, ठीक आहे, पण थिएटरात नेताना उपाशी ठेवाल ना, त्याच्या आधी एक पेला पिऊ द्या. भूल द्यायची होती, तोही देता आला नाही.

किडनी काढली, लस सुरू झाली. प्रश्नबाई रोज पाचव्या मजल्यावर जायची. तिसऱ्या दिवशी संगीताचे मास्तर गेले. चौथ्या दिवशी रंगाऱ्याच्या नमुन्याचा निकाल आला, रेबीजच, आता तो आला काय आणि न आला काय. पाचव्या दिवशी बेकरीवाली नर्सशी हुज्जत घालत होती की, हा दवाखान्याचा पाव आहे की फरशी पुसायचा स्पंज. सातव्या दिवशी ती भिंतीला धरून चालली. आठव्या दिवशी नकारघंटा चक्क म्हणाले, बघू या. त्यांच्या तोंडून हे शब्द म्हणजे फार झालं. प्रश्नबाईनं त्या रात्री आठवड्याभरात पहिल्यांदा धड झोप घेतली. माणसाचा जीव किती वेडा असतो बघा, एवढ्याशा शब्दावर झोपतो.

अकराव्या दिवशी सकाळी ती वर गेली तर नकारघंटा खोलीच्या बाहेर उभे होते, हातात चष्मा. दार अर्धं उघडं होतं. आत नर्सनं पहिल्या कपातलं पाणी पुढं केलं होतं, रोजच्यासारखं. बेकरीवालीनं कप हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि मान वळवली. परत नेला. परत वळवली. मग तिनं तो कप टेबलावर ठेवला, दोन बोटांनी जरा लांब सरकवला, आणि म्हणाली की आज नको वाटतंय.

ती पाच दिवसांनी गेली. त्या पाच दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते सांगवत नाही.

चौकशी झाली. समिती बसली, फॉर्म बदलला. आता प्रत्येकाला वेगळं विचारायचं आणि लसीचं कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पूर्ण असं लिहायचं नाही. प्रश्नबाईनं लेखी दिलं की चूक माझी, कार्ड मी मागितलं नाही, उलट डॉक्टरांना गप्प केलं. कुणी तिला काढलं नाही. अध्यक्ष म्हणाले, व्यवस्थेची चूक आहे. ही व्यवस्था कोण, हे काही तिला कळलं नाही. ती तर एकटीच बसली होती खुर्चीत.

देणाऱ्याच्या घरच्यांना कळवणं नियमात होतं. पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण ती गेली. आईनं चुलत्यालाही बोलावून घेतलं होतं. आणि खुर्च्या गोल मांडल्या होत्या, चार. आईला वाटलं असणार, या बाईची पद्धतच तशी.

प्रश्नबाईनं सांगितलं. तिघंही गेले, रोग तुमच्या मुलाच्या अंगातून गेला, त्याला तो पिल्लापासून झाला होता. तिनं घाई केली नाही आणि शब्द मऊ केले नाहीत. चुलत्यानं डोक्याला हात लावला. आईनं फोटोकडे पाहिलं. मग तिचा आवाज चढला.

"असं कसं होईल? पाचही घेतली होती त्यानं. ही न्यायची त्याला." ती सुनेकडे वळली. "सांग ना गं यांना. तूच न्यायचीस ना?"

सुनेनं मान वर केली. या वेळी ती सासूकडे पाहत नव्हती, प्रश्नबाईकडे पाहत होती. पदराची सुरळी तिच्या बोटांत तशीच होती. प्रश्नबाईला आता ती सुरळी वाचता येत होती. कार्ड दवाखान्याच्या फाईलमध्ये होतं, नाव खोडून. या घरात त्याबद्दल दोघींनाच माहीत होतं.

"हो," सून म्हणाली. "मीच न्यायचे."

प्रश्नबाईला वाटलं, बोलावं. तोंडाशी आलंही. पण त्या एका शब्दानं आता कुणाचं मरण टळणार नव्हतं. उरल्या होत्या फक्त या दोघी, आणि त्यांना उद्यापासून एकाच चुलीवरचं जेवायचं होतं.

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "मी नीट विचारलं नाही."

आईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतके दिवस जो मान होता तो सगळा निघून गेला होता. ती म्हणाली, म्हणजे तुमच्यामुळे मेले ते. माझ्या पोराच्या नावावर तीन माणसं मारलीत तुम्ही. प्रश्नबाईनं होकारार्थी मान हलवली. सून खाली पाहत होती.

मग आई उठली. स्टुलावर चढून तिनं ती मोठी फ्रेम खिळ्यावरून काढली. चुलता मदतीला उठला तर त्याला हातानंच बस म्हणाली. फ्रेमच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली, सवयीनं, आणि ती प्रश्नबाईच्या मांडीवर ठेवली. "हे घेऊन जा," ती म्हणाली. "इथं नको." भिंतीवर फ्रेमच्या जागी रंग जरा गडद राहिला होता. त्यानंच दिला असणार तो रंग.

बसमध्ये गर्दी होती. खिडकीची जागा मिळाली. फ्रेम उलटी धरावी हे तिच्या लक्षात आलं नाही, ती मांडीवर सरळच होती. शेजारी एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. तिनं चष्मा सावरत एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. मग प्रश्नबाईच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, केवढं मोठं काम केलंत हो तुम्ही लोकांनी. पुढच्या सीटवरच्या दोघी-तिघी मागं वळून बघायला लागल्या.

"तिघं बरे आहेत ना आता?" म्हातारीनं विचारलं.

सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या.

"हो," प्रश्नबाई म्हणाली.